तिळाएवढ्या शंखाबद्दल

४ फेब्रुवारी

ताई,

पत्राची सुरुवात "इकडे सर्व ठीक" अशी करायची असते हे मला माहीत आहे. पण ठीक नाही, म्हणून तशी करत नाही.

बाबांचा उजवा डोळा गेला. डावा वर्षभर टिकला तर नशीब, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. मला आणि हिला बाहेर बसवून त्यांनी बाबांना एकट्यालाच आत सगळं सांगितलं. बाबा बाहेर आले ते "चला, ओहोटी लागायची वेळ झाली" म्हणतच. सदतीस वर्षं बंदरात भरती-ओहोटीच्या नोंदी केल्या त्यांनी, अजून घड्याळ न बघता पाणी कुठवर आलंय ते सांगतात. घरी आल्यावर चपला न काढताच चाळणी उचलली.

दुसरी गोष्ट. मोठी जहाजं आत यावीत म्हणून बंदराकडे येणारा पाण्यातला मार्ग खोल करणार आहेत. ऑक्टोबरात काम सुरू. दीपस्तंभाच्या अलीकडे पाण्याखाली गवत आहे ना, लहानपणी आपण जिथे गुडघाभर पाण्यात हुंदडायचो, ते सगळं त्यात जाणार. हरकत असेल तर जूनअखेरपर्यंत कळवा, अशी नोटीस लागली आहे. बाबा गेले होते हरकत घ्यायला. म्हणाले, "या गवतावर एक गोगलगाय राहते. ती दुसरीकडे कुठे नाही." साहेबांनी विचारलं, "तिचं नाव काय?" बाबांकडे नाव कुठून असणार? साहेब म्हणाले, "आजोबा, ज्याला नावच नाही त्याची हरकत मी कुठल्या रकान्यात लिहू?"

तुला आठवत असेल, अठरा वर्षांपूर्वी बाबांनी तुमच्या संग्रहालयात हेच शंख पाठवले होते. "सर्वत्र आढळणाऱ्या जातीची पिल्लं, नवीन काही नाही," असं दोन ओळींचं उत्तर आलं होतं. खाली तुमच्या मोठ्या सरांची सही. तू तेव्हा तिथे नुकतीच लागली होतीस. बाबा त्या सहीला अजून शिव्या घालतात. डोळे मिटून केलेली सही म्हणतात. सर वारल्याचं पेपरात आलं तेव्हाही म्हणाले, "आता खरेच मिटले." बोलायला नको होतं, पण बोलले.

तू आता वरच्या जागेवर आहेस. एकदा नीट बघशील का? सोबत काचेच्या नळीत थोडी वाळू पाठवतोय. शंख अर्ध्या तिळाएवढे आहेत. मी पिस्टन आणि गिअरबॉक्सचा माणूस, मला त्यात वाळूच दिसते. "ताईला लिही" असं बाबा म्हणाले नाहीत. फक्त ही नळी सकाळी माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी आणून ठेवली.

तुझा धाकटा


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

नळी न फुटता पोचली. तू ती मोज्यात गुंडाळली होतीस म्हणून वाचली. मोजा ग्रीसचा होता, माझं टेबल दोनदा पुसावं लागलं.

बाबांच्या डोळ्याचं वाचून दिवसभर हातून काम झालं नाही. यायला हवं, कळतं मला. पण मार्चअखेर इथे खणांची मोजणी असते, तोवर हलता येणार नाही.

शंख बघितले. बावीस आहेत. आता तुला समजेल असं सांगते. गोगलगाय वाढत असते तोवर तिच्या शंखाच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ असते. वाढ पुरी झाली की ती ही कड जाड करते, आपण चादरीची कड दुमडून शिवतो तशी. कड पातळ असेल तर पिल्लू, जाड असेल तर पूर्ण वाढलेली. तू पाठवलेल्या बावीसपैकी एकाचीही कड शाबूत नाही. मेलेले शंख वाळूत घासले की आधी कडच तुटते. मग कोणी काय ठरवावं?

जिवंत हव्यात. गवताची पाती मुळाजवळून तोड, बादलीत घालून जोरात घुसळ, आणि ते पाणी पांढऱ्या, उथळ भांड्यात थोडं थोडं ओत. मग स्वस्थ बस. जे हलेल ते बारीक ब्रशनं उचल आणि स्पिरिटमध्ये घाल. औषधाच्या दुकानात स्पिरिट मिळेल.

जुन्या अभिप्रायाची फाइल शोधली, सापडली नाही. आता ती उकरून उपयोगही नाही. आणि एक ऐक, बाबांना आशा लावू नकोस. असे शंख दर महिन्याला येतात, बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही.

ताई


११ मार्च

ताई,

तुझ्या सूचना वाचताना सोप्या वाटतात. घरात पांढरं आणि उथळ म्हणजे हिच्या चार थाळ्या. त्या चारही गेल्या. ही म्हणाली, "या घरात माणसांच्या आधी गोगलगायींची पंगत बसते." तीन ओहोट्या मी पाण्यात उभा राहिलो, कारखान्यातून दुपारी पळून. माझ्या हाती लागले खेकडे, चिंगळ्या आणि सर्दी.

चौथ्या दिवशी बाबा येऊन शेजारी बसले. थाळीवर एवढे वाकले की नाक पाण्याला लागलं. डावा डोळा जवळजवळ बुडवूनच बसले म्हण. मग म्हणाले, "ती बघ, निघाली."

"कुठे? मला वाळूच दिसते."

"वाळू चालत नाही."

ताई, खरंच चालत होती. एवढासा कण, पण त्याला दोन शिंगं होती आणि जायची घाई होती. थाळीच्या कडेपर्यंत गेली, वर चढली, आणि मग स्वतःच्याच लाळेचा धागा सोडून कोळ्यासारखी पाण्यात लोंबकळत राहिली. मी सव्वीस वर्षं इंजिनं खोलतोय. इतका लहान आणि इतका पुरा भाग मी कधी पाहिला नाही.

त्या दिवशी अकरा मिळाल्या. ब्रश मी धरला, कुठे धरायचा ते बाबांनी सांगितलं. अकरावी उचलताना त्यांच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, ताण पडून. बस करा म्हटलं तर म्हणाले, "नंतर आरामच आहे."

नळी सोबत आहे. या वेळी स्वच्छ मोजा वापरलाय. बाबांचा एक निरोप: "हे सगळं मी अठरा वर्षांपूर्वी चिठ्ठीत लिहून पाठवलं होतं. कोणी वाचली असती, तर कळलं असतं."

धाकटा


२९ मार्च

धाकट्या,

नळी आली त्या दिवशी सकाळी दहाला पहिली गोगलगाय काचेखाली ठेवली आणि दुपारी चारला उठले.

शंखाची उंची दीड मिलिमीटरच्या जराशी वर. साडेचार वेढे. रंग फिक्या चहासारखा, त्यावर तुटक तपकिरी रेघा. आणि तोंडाची कड जाड आहे. नुसती जाड नाही, दुहेरी आहे, आतल्या बाजूला बारीक खोबण आहे. अकराच्या अकरांची तशीच. ही कोणाची पिल्लं नाहीत. ती एवढीच असते. वाढून एवढीच होते.

जगभरातल्या शंखांच्या जेवढ्या याद्या इथे आहेत, तेवढ्या दहा-बारा दिवस चाळते आहे. तिच्याशी जुळणारं काही नाही. बाबांचं बरोबर होतं.

आता पुढचं लिहिते ते तू एकट्यानंच वाच.

अठरा वर्षांपूर्वीचा तो अभिप्राय मी लिहिला होता. मला लागून आठ महिने झाले होते. मोठ्या सरांनी नळी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बघून दोन ओळी लिही." चिठ्ठीवरचं बाबांचं अक्षर मी ओळखलं. "हे माझे वडील आहेत, दुसऱ्या कोणाला द्या," असं तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. वडिलांच्या बाजूनं लिहिलं असं कोणी म्हणेल ही भीती होती, म्हणून झुकायचं तर उलट बाजूला झुकले. चाळीस शंख होते. मी नऊ बघितले. नवांचीही कड तुटलेली होती, म्हणून "पिल्लं" असं लिहून मोकळी झाले. सरांनी डोळे मिटून सही केली नव्हती. माझ्यावर विश्वास ठेवून केली होती.

फाइल सापडली नाही, हे मी तुला खोटं लिहिलं. ती कुठल्या खणात आहे हे मला रोज माहीत असतं. काल तो खण उघडला. उरलेल्या एकतीस शंखांपैकी सहांची कड शाबूत आहे.

बाबांना इतक्यात सांगू नकोस. आधी हे काम मला नीट करू दे, मग मी येऊन सांगेन.

ताई


९ एप्रिल

ताई,

पोस्टमननं तुझं पत्र बाबांच्या हातात दिलं. त्यांना आता अक्षरं लागत नाहीत, म्हणून तुझी पत्रं मीच मोठ्यानं वाचून दाखवतो. तुला हे कळवायचं राहिलं होतं, चूक माझी.

"ती एवढीच असते" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटून मान हलवत होते. मग "एकट्यानंच वाच" आलं आणि मी थांबलो.

"थांबलास का?"

"पुढे घरच्या गोष्टी आहेत."

"मी घरचाच आहे. वाच."

मी वाचलं. मधेच काहीतरी रचून पुढे जाण्याइतकी अक्कल ऐन वेळी सुचली नाही. शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती बघितले म्हणाली?" मी म्हटलं, "नऊ." उठून आत गेले. चारही थाळ्या घासून, पुसून हिच्या हातात परत दिल्या.

तू तेव्हा शहरात होतीस, म्हणून इथे काय झालं ते सांगतो. तुमचं उत्तर आल्यावर बाबांनी त्यांची दुर्बीण, ती सूक्ष्म बघायची, शाळेला देऊन टाकली. बारा वर्षं चाळणीला हात लावला नाही, थेट आई गेली तेव्हा परत लावला. आणि उत्तरेच्या बाजूला आत्ताच्या दुप्पट गवत होतं, तिथे भराव घालून गोदामं बांधली ती त्याच काळात. नकाशे बाबांच्या टेबलावरून गेले. ते एक शब्द बोलले नाहीत. काय बोलणार? तिथे नवीन काही नाही, असं खुद्द संग्रहालयानं सांगितलं होतं.

आणि तू सुट्टीत यायचीस, बाबा जेवताना मोठ्या सरांना शिव्या द्यायचे, आणि तू वाढून घ्यायचीस. हे मला सारखं डोळ्यांपुढे येतं.

धाकटा


१९ एप्रिल

बाबा,

हे पत्र धाकटा वाचून दाखवेल. कुठेही न थांबता वाचू दे.

माफी मागायला तोंड नाही. मागितली तरी उत्तरेचं गवत परत येणार नाही. जे करता येतं ते करते आहे, ते सांगते. सोमवारी विभागाच्या प्रमुख बाईंना लेखी दिलं की तो अभिप्राय माझा होता, अपुऱ्या तपासणीवर होता, चुकीचा होता, आणि शंख माझ्या वडिलांचे होते. बाईंनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, "हा घेतला तर तुझे सगळेच अभिप्राय उघडावे लागतील." मी म्हटलं, उघडा. दोनशे बारा निघाले. दुसरे लोक ते तपासत आहेत. तोवर मला एकटीनं अभिप्राय लिहायची मनाई आहे. या गोगलगायीचं वर्णन बाई आणि मी मिळून लिहू, माझी प्रत्येक ओळ त्या पडताळून बघतील.

शंखाचं वर्णन मला जमेल. जनावराचं नाही जमणार. स्पिरिटमध्ये ते आक्रसून आत जातं. ती जिवंत असताना तिला वर्षानुवर्षं बघितलेला माणूस एकच आहे, म्हणून विचारते.

ती अंडी कशावर घालते? किती? पिल्लू पोहत बाहेर येतं की चालत? गवत सोडून कधी दगडावर जाते का? किती खोल पाण्यात असते?

उत्तर दिलंत किंवा नाही दिलंत, तरी वर्णनावर पहिलं नाव तुमचंच राहील. तो व्यवहार नाही. शोध तुमचाच आहे.

तुमची थोरली


२१ मे

ताई,

एकवीस दिवस बाबांनी तुझ्या पत्राचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. डावा डोळा आता उजेड आणि अंधार एवढंच सांगतो. दारापासून नळापर्यंत किती पावलं, नळापासून खुर्चीपर्यंत किती, हे पाठ करण्यात ते गुंतले होते.

मग गेल्या रविवारी सकाळी मला हाक मारली. "कागद घे. तिनं विचारलंय ते शास्त्राचं आहे, उत्तर देणं भाग आहे." त्यांच्या शब्दांत लिहितो.

"अंडं गवताच्या पातीवर, आतल्या बाजूला. भिंगासारखी चपटी पुडी, टाचणीच्या डोक्याहून लहान. एका पुडीत एकच अंडं. चोवीस ते सव्वीस दिवसांनी पुडीला वर भोक पडतं आणि पिल्लू चालत बाहेर येतं. पोहत नाही. मी काचेच्या बरणीत चार वेळा बघितलं, चारही वेळा चालतच आलं. म्हणून ही इथून कुठे जाऊ शकत नाही. दुसऱ्या गोगलगायींची पिल्लं लाटेबरोबर लांब जातात, हिची आईच्याच पातीवर राहतात. दगडावर कधी नाही. ओहोटीला गुडघाभर पाणी असतं तिथपासून छातीभर पाण्यापर्यंत. त्यापलीकडे नाही."

मी विचारलं, हे कधी बघितलंत? म्हणाले, "तुझी आई गेली त्या वर्षी. घरात बोलायला कोणी नव्हतं."

मी त्याच घरात राहत होतो, ताई. हे मला त्या दिवशी कळलं.

नाव काय द्यायचं, तेही विचारलं. "माझं नको. गवतावरची, असं काहीतरी म्हणा."

मग कागद माझ्या हातातून घेऊन घडी घालता घालता म्हणाले, "आणि तिला विचार. नऊच का?"

मी म्हटलं, लिहिलंय की तिनं, भीती होती. म्हणाले, "भीती वाटली असती तर तिनं चाळीस बघितले असते. मी ओळखतो तिला."

धाकटा


२ जून

बाबा,

पिल्लू चालत येतं हे वाचल्यावर बाई खुर्चीवरून उठल्या. ही जात दुसरीकडे पसरू शकत नाही याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही, म्हणाल्या. हरकतीसाठी संग्रहालयाच्या शिक्क्याचं पत्र परवा बंदराच्या कचेरीत जाईल.

नऊच का, त्याचं उत्तर.

भीती असं मी लिहिलं होतं, कारण तेवढं लिहिणं सोपं होतं. तेव्हा बाहेरून हौशी लोकांच्या नळ्या आणि डब्या यायच्या. चहाच्या वेळी त्या उघडायच्या आणि हसायचं, अशी तिथली रीत होती. तुमची नळी उघडली तेव्हा टेबलाभोवती चौघं होतो. चिठ्ठी तुम्ही बंदराच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहिली होती. एकानं मोठ्यानं वाचली: "ही धाग्याला लोंबकळते आणि मग विचार करून उतरते." "विचार करून" वर सगळे हसले. मीही हसले.

माझे वडील बंदराचे अधिकारी आहेत, असं मी तिथे सांगितलं होतं. भरती-ओहोटी लिहिणारे कारकून आहेत, हे सांगितलं नव्हतं. चहा संपला तेव्हा माझे नऊ बघून झाले होते, आणि कोणी फॉर्म उलटून तुमचा हुद्दा बघायच्या आत मला ती नळी टेबलावरून हलवायची होती.

मला तुमची लाज वाटली, बाबा. एवढंच कारण आहे.

थोरली


३ जुलै

ताई,

सांगायचं खूप आहे, क्रमानं सांगतो.

तुझं पत्र वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "'विचार करून' लिहायला नको होतं. शास्त्रात असं लिहीत नाहीत." थोड्या वेळानं, "कोरा कागद वापरायला हवा होता." ताई, मला ते सहन झालं नाही. तुझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी कारखान्यात निघून गेलो आणि एक धड असलेलं इंजिन उगाच खोलून ठेवलं.

तीस तारखेला हरकतींची सुनावणी होती. मी बाबांना हात धरून नेलं. लांब टेबल, पलीकडे साहेब, इंजिनीअर आणि दोन कारकून. संग्रहालयाचं पत्र साहेबांपुढे होतं, आणि त्याच्या शेजारी अठरा वर्षांपूर्वीचा अभिप्राय. तो त्यांनी कुठून काढला कोण जाणे. तुझी लेखी कबुलीही पत्राला जोडलेली होतीच.

साहेब म्हणाले, "आजोबा, राग मानू नका. एकाच बाईंचे हे दोन कागद. आधी म्हणतात पिल्लं, आता म्हणतात नवी जात. त्यातून त्या तुमच्याच कन्या. हा घरगुती मामला झाला. मी कुठला कागद खरा धरू?"

मला वाटलं संपलं. बाबा उभे राहिले. टेबलाची कड चाचपून तिच्यावर हात ठेवला.

"दोन्ही माझ्या मुलीचेच. पहिल्या वेळी तिनं चाळीसातले नऊ बघितले, दुसऱ्या वेळी सगळे. पहिला चुकलाय हे कोणी पकडलेलं नाही. तिनं आपण होऊन लिहून दिलं. त्यापायी तिथे तिची सगळी नोकरी तपासायला काढली आहे. मी या इमारतीत सदतीस वर्षं कागद लिहिले, साहेब. 'माझं चुकलं' असा एक कागद इथून बाहेर गेलेला मला दाखवा. मग तुम्ही म्हणाल तो खरा धरू."

एक कारकून खाली बघून हसला, तो बाबांच्या वेळचा आहे. मग इंजिनीअरनं नकाशा पुढे ओढला आणि विचारलं, "गवत नेमकं कुठून कुठपर्यंत?" बाबांना नकाशा दिसत नव्हता. त्यांनी तोंडानं सांगितलं, दीपस्तंभापासूनची अंतरं, कुठल्या ओहोटीला किती पाणी, सगळं. इंजिनीअर पेन्सिलीनं खुणा मारत गेला. अर्धा तास.

काल निकाल आला. मार्ग पश्चिमेकडे वळवणार. गवताचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा जाईल, बाकीचं राहील. मी बाबांना म्हटलं, जिंकलो. म्हणाले, "तिसरा हिस्सा गेला."

आज तुझ्या वर्णनाचा मसुदा वाचून दाखवला. सगळं ऐकलं, पण "जनावर रंगहीन" इथे मला थांबवलं. "चूक. प्रत्येक डोळ्यामागे पिवळा ठिपका असतो. स्पिरिटमध्ये तो नाहीसा होतो. तिला लिही, छापायच्या आधी जिवंत बघून घे."

मी विचारलं, "ये, असं लिहू?"

"मी जे म्हणालो ते लिही."

म्हणून तेवढंच लिहिलंय.

धाकटा


१४ जुलै, तुमच्या स्वयंपाकघरातून

धाकट्या,

तू बोटीच्या चाचणीवरून संध्याकाळी परतशील, माझी बस दुपारची आहे, म्हणून ही चिठ्ठी.

पहिला दिवस बाबा माझ्याशी तुझ्या बायकोमार्फत बोलले. "तिला विचार, चहा घेणार का." मी शेजारच्याच खुर्चीत होते. तुझ्या बायकोनं तीन वेळा निरोप पोचवले, चौथ्या वेळी म्हणाली, "मला पोळ्या आहेत," आणि आत गेली. मग आम्ही दोघं नुसतेच बसलो.

आज सकाळी ओहोटीला ते उठले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि माझा कोपर धरला. "चल" म्हणाले नाहीत. मी चालायला लागले. पाण्यात गेल्यावर त्यांनीच मला नेलं. गवत त्यांना पावलांना कळतं. पाती त्यांनी तोडली, बादली मी घुसळली. मग खडकावर थाळी ठेवून तासभर बसलो. माझ्या बारीक भिंगातून मी बघत होते आणि ते वाट बघत होते. मी इतकी वर्षं ही कामं करते, पण जिवंत गोगलगायीसाठी अशी बसले नव्हते. आमच्याकडे सगळं मेलेलंच येतं.

एक निघाली. मी भिंग जवळ नेलं. डोळ्यामागे ठिपका होता.

"आहे," म्हटलं.

"कसा?"

"पिवळा."

"ते मीच सांगितलं होतं. कसा पिवळा?"

मी परत बघितलं. बराच वेळ बघितलं. तिनं थाळीत अर्धी फेरी मारली तोवर बघितलं. मग सांगितलं की पान पिकायला लागतं तेव्हा त्याची कड जशी होते तसा. मधे गडद, बाहेर फिका. उजव्या डोळ्यामागचा मोठा. डाव्या डोळ्यामागचा त्याच्या निम्मा, आणि ती मान वळवते तेव्हा तो दिसेनासा होतो.

बाबांनी तोंड थाळीकडे केलं होतं, पाण्यावरचा उजेड त्यांच्या गालावर हलत होता. मग म्हणाले, "डावा लहान असतो, हे मला कधी दिसलं नव्हतं."

आणि जरा वेळानं, "लिही."

मी लिहिलं. कागद ओला होता, शाई पसरली, तरी वाचता येतं. नंतर त्यांनी माझ्या हातातून थाळी घेतली, दोन पावलं आत गेले आणि पाणी हळूच गवतावर सोडलं.

घरी येताना वाटेत तो बंदरातला जुना कारकून भेटला. मला निरखून बघत होता. बाबा म्हणाले, "माझी थोरली. शंख बघते." तो पुढे गेल्यावर मला वाटलं आता काही बोलावं, पण घर आलं.

बसपर्यंत येणार नाही म्हणालेत, दुपारचं बाहेर पडवत नाही त्यांना. मी पिशवी उचलली तेव्हा दाराशी आले आणि म्हणाले, "सप्टेंबरात अंडी असतात."

मी सप्टेंबरात येते.

ताई